आमच्या वावरातलं दगडांचं रिंगण उघडं पडलंय, मृग दोन आठवड्यांवर आलाय

काटोल_रोड | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज मदत हवी आहे म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नागपूरच्या वायव्येला, काटोल रोडपासून आत आमचं वडिलोपार्जित वावर आहे. मोठे काका कसतात. कपाशी आणि तूर. वावराच्या वरच्या अंगाला, जिथं काळी जमीन संपून मुरमाड बरड लागते, तिथं काळ्या दगडांचं एक रिंगण आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत माझी सतरा पावलं भरतात. दगड कुठं गुडघ्याएवढे, कुठं मांडीएवढे, एकाला एक लागून, आणि मधला भाग भोवतालच्या जमिनीपेक्षा हातभर वर आलेला. आजी त्याला 'गवळ्याचा गोठा' म्हणायची. पूर्वी इथं गवळी राजे होते, त्यांची गुरं रात्री या रिंगणात बसायची, असं तिनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. एका दगडाच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे आहेत, दोन ओळींत, ओळीला सहा. अंगठा बरोबर बसतो. हिवाळ्यात आम्ही चुलतभावंडं त्यांत बोरं मांडायचो आणि ओळी वाटून घ्यायचो.

परवा काकांनी वरचा तुकडा सपाट करायला जेसीबी सांगितला. मला फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी, बोलता बोलता कळलं. मी पोचलो तोवर पूर्वेकडचे चार दगड बांधावर जाऊन पडले होते आणि कडेनं आतल्या बाजूला कंबरभर खोल चर गेला होता. मशीन बंद करायला लावलं. काका चिडले, भाड्याचा मीटर चालू होता, त्यांचंही चूक नाही.

चरात उतरून बघितलं. वर हातभर जाडीचा बारीक-मोठ्या दगडगोट्यांचा थर, खच्चून भरलेला. त्याखाली काळी चिक्कण माती. तिथली जमीन मुरमाची आहे, दोन फुटांवर पिवळा मुरूम लागतो, मग ही माती आली कुठून? पायाला चिकटली ती निघता निघेना, शेवटी काडीनं खरवडली. त्या मातीत खापराचे तुकडे आहेत. बाहेरून तांबडे, आतून आणि काठाला काळे, आणि इतके गुळगुळीत की तेल लावल्यासारखे. आणि चराच्या भिंतीतून अर्धं बाहेर आलेलं एक गंजलेलं लोखंड, पंजाएवढं, चपटं, त्यावर आडव्या दोन पट्ट्या असाव्यात असा आकार. मी त्याला हात लावला नाही. वर ओलं गोणपाट टाकलं, त्यावर ताडपत्री, कडेनं दगड, आणि घरी आलो.

जुनापाणी आमच्यापासून लांब नाही, तिथली जुन्या थडग्यांची दगडी वर्तुळं शाळेत असताना पाहिली आहेत, त्यामुळे हे काय आहे याचा अंदाज आहे. पण आता करायचं काय? कोणाकडे जायचं? काका म्हणतात, सरकारला कळलं की जमीन गेली. आणि चर उघडा आहे, पाऊस आला तर सगळं वाहून जाईल. जाणकारांनी कृपया सांगावं.


सावनेरची | रविवार, रात्री ११:१५

मशीन थांबवलंत हे फार मोठं काम केलंत. मुलांना घेऊन दोनदा जुनापाणीला गेले आहे. मुलं विचारतात, बाई, यात काय आहे? गोल दगड बघून कंटाळतात. तुम्ही जो थर-थर सांगितलात ना, तो उद्या वर्गात फळ्यावर काढणार आहे. वाचतेय.


माती_चाळणी | सोमवार, सकाळी ६:०५

रात्रीच वाचलं, पण डोळे साथ देईनात म्हणून सकाळी लिहितो. तीसेक वर्षं उत्खननांवर आरेखक म्हणून काम केलं. चराच्या भिंती काढणं, खड्ड्याचा छेद काढणं हेच माझं काम होतं.

आधी तातडीचं. ते लोखंड ओढू नका, साफ करू नका, उन्हात ठेवू नका. अडीच हजार वर्षं मातीत राहिलेलं लोखंड आतून पोखरलेलं असतं. बाहेर काढून वाळलं की पापुद्रे सुटतात आणि आठवड्याभरात हातात चुरा येतो. गोणपाट टाकलंत ते बरोबर, पण रोज पाणी मारू नका. सावली पुरे. चपटं पातं आणि त्यावर आडव्या पट्ट्या असतील, तर ती बहुधा कुऱ्हाड आहे. दांड्याला बांधून ठेवायला पट्ट्या. अशा सपाट कुऱ्हाडी नागपूर जिल्ह्यातल्या टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथल्या वर्तुळांतून निघाल्या आहेत.

आता तुम्हाला चरात काय दिसलं ते सांगतो. विदर्भातली ही वर्तुळं लोहयुगातली, इ.स.पू. १००० ते ३०० च्या दरम्यानची. आधी जागा निवडायचे, बहुतेक वेळा अशीच मुरमाड, पिकाला न लागणारी. मुरमात उथळ खड्डा घ्यायचा. त्यात माणसाच्या अस्थी ठेवायच्या, बऱ्याचदा पूर्ण देह नव्हे, निवडक हाडं, कधी एकाहून जास्त माणसांची. सोबत भांडी, लोखंडाची हत्यारं, तांब्याच्या वस्तू, मणी. मग नदीकाठची किंवा काळ्या रानातली चिकणमाती वाहून आणून खड्डा भरायचा. तुमच्या पायाला चिकटली ती हीच. त्यावर दगडगोटे, आणि भोवती मोठ्या धोंड्यांचं रिंगण. एकेक धोंडा हलवायला चार-सहा माणसं लागतात, मी स्वतः लावली आहेत. म्हणजे एका दफनासाठी सगळा गाव राबला असणार.

काळी-तांबडी भांडी एकाच भट्टीत, एकाच वेळी भाजलेली असतात. जिथं हवा पोचत नाही तिथं काळं राहतं, जिथं पोचते तिथं तांबडं होतं. बरेचदा भांडं भुश्शात पालथं घालत, म्हणून आतली बाजू आणि काठ काळे.

ही वर्तुळं पाहायला पहिल्यांदा आलेल्यांत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावानं १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं बघून ते संध्याकाळी घोड्यावरून बोरीकडे परतत होते. पावसानं ओढा फुगला होता. घोडा एकटाच बोरीला पोचला. नायकुंडला काम करत असताना मी हे पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हापासून पावसाळ्यात बुटीबोरीवरून जाताना त्यांची आठवण येते. १८६७ मध्ये रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीला काही वर्तुळं खोदली. तिथल्या वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दगडांवरच्या तुमच्या त्या वाट्यांची नोंदही त्यांनीच पहिल्यांदा सविस्तर केली. १९६१-६२ ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची आणखी तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध खोदली. पुढे नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव सर आले. १९६८-६९ ला टाकळघाट-खापा, १९७० ते ७२ माहुरझरी, आणि १९७८ ते ८० अरविंद जामखेडकरांसोबत नायकुंड. नायकुंडला पेंच नदीकाठी त्या लोकांची वस्ती सापडली आणि लोखंड गाळायची भट्टी. वर्तुळातल्या कुऱ्हाडी बाहेरून आणलेल्या नव्हत्या, इथल्याच लोकांनी इथंच केल्या होत्या, हे त्या भट्टीनं दाखवलं.

एक विनंती. बांधावरचे चार दगड परत जागेवर लावायचा प्रयत्न करू नका. जिथून उपटले तिथं खळगे उरले असतील. त्या खळग्यांत छोट्या खुंट्या ठोका, फोटो काढा, कोणता दगड कोणत्या खळग्यातला हे ऑपरेटरला आठवत असेल तर आजच विचारा. उद्या तो विसरेल.


निळीशाई | सोमवार, सकाळी ९:२०

छान माहिती. एक शंका. महापाषाण थडगं, म्हणजे मोठ्या शिळांचं थडगं म्हटलं की डोळ्यांसमोर उभ्या शिळांची खोली येते, वर छपरासारखी मोठी शिळा. इथं तशी खोली नाही का?


माती_चाळणी | सोमवार, सकाळी ९:५०

नागपूरकडे बहुतेक वर्तुळांत शिळांची खोली नसते, नुसता खड्डा आणि भराव. आपल्याकडे खोल्या बघायच्या असतील तर चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातलं हिरापूर गाठा. तिथं उभ्या शिळा आणि वर झाकणासारखी शिळा अशी रचना आहे. दक्षिणेला जाल तसं प्रमाण वाढतं.


तुंगभद्रातीर | सोमवार, दुपारी २:३०

दक्षिणेचा विषय निघाला म्हणून लिहिते. नोकरीनिमित्त अकरा वर्षं होसपेटला आहे. इथून हिरेबेणकल जवळ. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीच्या पश्चिमेला. टेकडी चढून जावं लागतं, सकाळी लवकर निघायचं, वर सावली नाही.

माथ्यावर पोचलं की पहिल्यांदा भास होतो की गाव लागलं. दगडी घरंच घरं, रांगेनं, काही पडकी, काही शाबूत. चारशेच्या आसपास आहेत. तीन-चार ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या करून वर एक आडवी, आणि समोरच्या शिळेला गोल भोक. सगळ्यात उंच असलेल्यांत मी उभी राहू शकते, हात वर केला तरी छताला लागत नाही. भोवती छोट्या खोल्याही आहेत, गुडघ्याएवढ्या. आसपासचे लोक त्यांना 'मोरियर मने' म्हणतात, मोरियांची घरं, आणि हे मोरिया म्हणजे बुटके लोक होते असं सांगतात. तुमच्या आजीचा गवळ्याचा गोठा वाचून तेच आठवलं.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते शेजारच्या तळ्यानं. माथ्यावर पाणी साठलेलं एक मोठं कुंड आहे, त्याच्या कडेला खडकावर शिळा फोडल्याच्या खुणा दिसतात. घरांना लागलेल्या शिळा तिथूनच काढल्या, आणि खाणीचा खड्डा पाण्यानं भरून तळं झालं. शिळा काढायची जागा आणि शिळा रचायची जागा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तिथं एक नगाऱ्यासारखा भला मोठा धोंडाही आहे. त्यावर दगडानं मारलं की आवाज पार खालच्या रानात जातो. कुणी गेलं म्हणजे ते वाजवत असतील का, हा माझा आपला विचार.

२०२१ पासून हिरेबेणकल युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. तरीही मागच्या खेपेला एका शिळेवर कोळशानं नावं लिहिलेली दिसली, आणि एका खोलीत जेवणाच्या पत्रावळी. उचलून खाली आणल्या.


अजनी_चौक | सोमवार, दुपारी ४:१०

सोनं निघतं का हो यात? आणि नेमकं गाव कुठलं?


संपादक | सोमवार, दुपारी ४:२५

गाव, गट नंबर, नकाशा यांपैकी काहीही इथं लिहू नये. धागाकर्त्यांनी सुरुवातीला टाकलेला फोटो, ज्यात मागचं देऊळ दिसत होतं, तो काढला आहे.


माती_चाळणी | सोमवार, सायंकाळी ५:००

संपादकांचे आभार. सोन्याबद्दल विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, कारण हा प्रश्न गावातही येणार आहे. माहुरझरीला थोडं सोनं निघालं. पण तिथलं खरं वैभव अकीक आणि इतर दगडांचे मणी. ते गाव पुढे मणी घडवण्याचं मोठं केंद्र झालं, शेतातून आजही मणी वर येतात. तिथंच तांब्याची मूठ आणि लोखंडी पातं असलेला खंजीर निघाला, घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार निघाले, लोखंडी लगाम निघाले. घोडा त्या लोकांना किती जवळचा होता हे त्यावरून समजतं. आता हाच लगाम कुणी रात्री उकरून भंगारात विकला तर तो किलोच्या भावानं जातो. हाडांशेजारी, ठरावीक बाजूला, भांड्याखाली असा सापडला तर त्यातून माणूस उभा राहतो. सोन्याच्या आशेनं उकरलेली वर्तुळं मी पाहिली आहेत. मधोमध विहिरीसारखा खड्डा, भोवती फुटलेल्या खापरांचा ढीग. अशा ठिकाणी मला काढायला काहीच उरलेलं नसायचं.


पेनटाक | सोमवार, रात्री ८:४५

महसूल खात्यात हयात गेली, म्हणून काकांच्या भीतीबद्दल लिहितो. ही भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे.

नुसतं कळवल्यानं जमीन जात नाही. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. ते तुम्हाला करावंच लागेल आणि ते केल्यानं तुम्ही सुरक्षित राहता. १०० मीटरच्या आत बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हा नियम राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित झालेल्या स्मारकांना आहे. जुनापाणीला तो लागतो. तुमच्या रिंगणाला आज लागत नाही. उद्या घोषित करायचं ठरलं तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते, हरकत घ्यायला वेळ मिळतो. घोषित झालं तर बंधनं येतील, हेही काकांपासून लपवू नका. त्यांना खरं सांगितलं तरच ते तुमच्या बाजूनं उभे राहतील.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, आणि प्रती तहसीलदारांना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. पोचपावती घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.


कोरडवाहू | सोमवार, रात्री १०:३०

भाऊ, तुमी लिवलं ते वाचून मनात राह्यलं ते सांगतो. आमच्या वावरात बी असंच रिंगण होतं, याहून लहान. बारा-तेरा वर्सं झाली. विहीर बांधाची होती, दगड इकत घ्याले पैसा नव्हता. बाप म्हने, घरचे दगड हायेत ना. ट्रॅक्टरनं ओढून आनले आन विहिरीच्या बांधकामात लावले. खापरं निघाली, फेकून देल्ली. एक तांब्याचं झाकन निघालं होतं, वर पाखरू बसल्यावानी. पोट्ट्यायनं खेळून खेळून ते बी हरपलं.

कोनाले सांगतलं नाई. सांगाचं असते हेच मालूम नव्हतं. आता विहिरीत उतरलो का उन्हाळ्यात एक दगड दिसते, त्याले तुमी सांगता तशा वाट्या हायेत. बाप गेला चार वर्सांआंधी. त्याले कायी बोलत नाई मी, त्याच्यापाशी दुसरं कायी नव्हतं.


माती_चाळणी | मंगळवार, सकाळी ६:२०

कोरडवाहू, तुमचं वाचून सकाळी चहा तसाच राहिला. वर पाखरू असलेली तांब्याची झाकणं माहुरझरी आणि खापाच्या वर्तुळांत सापडली आहेत, तुमची आठवण बरोबर आहे. वडिलांचं काही चुकलं नाही. नागपूरभोवतालचे कितीतरी दगड घरांच्या जोत्यांत, बांधांत, रस्त्याच्या खडीत गेले आहेत.

पण विहिरीतला तो दगड अजून आहे. पाणी उतरलं असेल तर फोटो काढा. वाट्या किती, किती ओळींत, एकमेकींपासून किती बोटं, एवढं लिहून ठेवा. दगड जागेवर नसला तरी त्याची नोंद होऊ शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी जुनापाणीच्या वर्तुळांत अशा वाट्यांचे दगड ठरावीक दिशांना येतात का, सूर्याशी त्यांचा काही संबंध लागतो का, याचा अभ्यास केला आहे. म्हणून काटोल_रोड, तुमच्या बोरांच्या दगडाची दिशा होकायंत्र लावून आजच नोंदवा. तो हललेला नाही ना?


काटोल_रोड | मंगळवार, सकाळी ७:१०

नाही, तो जागेवर आहे. उपटलेले चारही दगड साधे आहेत. ऑपरेटरला फोन केला, त्यानं येऊन प्रत्येक दगडाचा खळगा दाखवला, पैसे घेतले नाहीत.


काटोल_रोड | दुसरा रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पळापळ चालू होती.

सोमवारी रात्री काकांना पेनटाक यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, बंधनांचा भागही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, कोणाचं तरी मढं आहे ते, त्यावर नांगर कसा घालू. मला वाटलं होतं हे समजावायला महिना लागेल. सकाळी तेच अर्जावर सही करायला आले.

एका कार्यालयात दोन दिवस 'हे आमच्याकडे येत नाही' ऐकलं, तिसऱ्या दिवशी पोचपावती मिळाली. शुक्रवारी तलाठी आले, पंचनामा झाला. शनिवारी पुरातत्त्वाचे दोघे जण आले. त्यांनी चराची भिंत छोट्या करणीनं हळूहळू तासली आणि मग जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. खाली पिवळा मुरूम, त्यात पसरट वाटीसारखी खड्ड्याची रेघ, वर काळी माती, त्यावर दगडगोटे. माती_चाळणी यांनी शब्दांत काढलं होतं तेच भिंतीवर. त्या काळ्या मातीत बोटाच्या पेराएवढं हाडाचं टोक होतं, पांढरं नाही, मातीसारखंच तपकिरी. त्यांनी दाखवलं नसतं तर मला तो खडा वाटला असता. काकूंनी पदर डोक्यावर घेतला.

कुऱ्हाड मातीच्या गोळ्यासकट काढून त्यांनी पावती देऊन नेली. कुऱ्हाडच आहे. उत्खनन आत्ता होणार नाही. पावसाआधी चराच्या भिंतीला गोणपाट लावलं, वाळू भरली, वर मुरूम दाबला. पाणी उताराला वळावं म्हणून काकांनी स्वतः वरच्या बाजूनं नाली काढली. दगड एकूण सव्वीस, त्यातले बावीस जागेवर, चारांच्या जागी खुंट्या. बोरांचा दगड आग्नेयेला आहे, नोंद दिली आहे. रिंगणाभोवती ट्रॅक्टरचं एक वळण सोडायचं ठरलंय.

गावातल्या दोघांनी रिंगण असल्याचं आपणहून सांगितलं. त्यांच्याकडेही पुरातत्त्ववाले पुढच्या खेपेला जाणार आहेत.


सावनेरची | दुसरा रविवार, रात्री ९:५५

काकूंना माझा नमस्कार सांगा. वर्गात फळ्यावर थर काढले तेव्हा एका मुलीनं विचारलं, माती नदीवरून कशातून आणली असेल? टोपलीतून की कातड्यातून? मला उत्तर देता आलं नाही.


कोरडवाहू | सोमवार, सकाळी ७:४०

काल विहिरीत उतरलो. पानी खाली गेलं होतं. शेवाळ घासलं आन मोजल्या. दोन ओळी हायेत. वरच्या ओळीत सहा, खालच्या ओळीत पाच. सहावी सिमेटाखाली असन. दोन वाट्यायच्या मधात चार बोटं जागा. फोटो टाकतो, उजेड कमी हाये.